कारखाना बंद, नोंदीत मात्र कामावर: सोलापुरातल्या एका बेकारी भत्त्याच्या दाव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ मधलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात नऊ वर्षांहून थोडा जास्त काळ मागावर काम केलेल्या कामगाराचं. त्यांना इथे यादगिरी म्हणू. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही. घर सोलापूरच्या पूर्व भागात, बोली तेलुगू, पत्नी बिड्या वळतात, दोन मुलं शाळेत. कारखान्यात पस्तीसेक कामगार होते.

पूर्व भागात एकाच छपराखाली तीन-तीन फर्म दाखवून प्रत्येकीत दहापेक्षा कमी माणसं ठेवायची पद्धत जुनी आहे. दहा झाली की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो म्हणून. हा कारखाना त्या मानाने सरळ होता. पीएफ कापला जायचा, ईएसआयचंही चलन भरलं जायचं, पहचान कार्ड मिळालेलं होतं. पगार दिवसाला ४०० रुपये, २६ दिवसांचे १०,४००. त्यातून ईएसआयसाठी पाऊण टक्का म्हणजे ७८ रुपये कापले जात, मालकाचा वाटा सव्वातीन टक्के. कामगारांच्या लेखी त्या कापलेल्या पैशांचा उपयोग एकच: दवाखान्यातली औषधं. नोकरी गेली तरी याच कपातीतून काही रोख मिळू शकते, हे पस्तीसपैकी एखाद्यालाच ऐकून माहीत होतं.

२०२३ च्या जानेवारीपासून काम कमी होत गेलं. महिन्याला पंधरा-सोळा दिवस, मग बारा-तेरा. जूनच्या अखेरीस माग थांबले. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असं मुनीम सांगत राहिला. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात काही माग भंगारात गेले, तेव्हा जे समजायचं ते सगळ्यांना समजलं. बंदची नोटीस लागली नाही. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेवर साठ दिवस आधी बंदची नोटीस देण्याचं बंधन तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात नव्हतं, आणि मालकाच्या सल्लागाराला हे पक्कं ठाऊक होतं.

(हे सगळं त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वाचावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत.)

समोर आलेला पहिला कागद

जुलैमध्ये मालकाने एकेकाला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे केला. ‘घरगुती कारणामुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझा सर्व हिशेब मिळाला, काही येणं नाही.’ बदल्यात ४०,००० रुपये रोख. ‘सही केली की पैसे घेऊन जा ओ, नंतर कोण विचारतंय?’ असं मुनीम म्हणायचा. बहुतेकांनी सही केली. त्यात नवल नाही. जून म्हणजे शाळेचा महिना, जुलैत उधारी फिटवायची असते, आणि एवढी रक्कम एका हाती एरवी कधी मिळत नाही.

यादगिरी आणि आणखी सहा जण थांबले. आमच्याकडे, म्हणजे पूर्व भागात पीएफ-ईएसआयच्या कागदांना मदत करणाऱ्या काही जणांकडे, ते आले ते या कागदासंबंधी विचारायला. बेकारी भत्त्याचा विषय तेव्हा निघालाही नव्हता.

त्यांच्यापुढे मांडलेला हिशेब असा होता. नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी, वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे, ५४,०००. कारखाना बंद झाल्याबद्दलची नुकसानभरपाई त्याच मापाने आणखी ५४,०००. शिवाय नोटिशीचा एक महिन्याचा पगार. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास कायदेशीर येणं आणि हातात ४०,०००. एवढ्यावरूनही कागद नाकारता आला असता. पण त्या कागदाची खरी किंमत दुसरीकडे होती: नोकरी का संपली, याचं उत्तर त्यातून कायमचं लिहिलं जात होतं.

समोरचे पर्याय

बेकारीसाठी ईएसआय महामंडळाच्या दोन योजना आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली किंवा नोकरीबाहेरच्या इजेने ४० टक्के वा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागू होते. पहिले बारा महिने सरासरी मजुरीच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. मात्र नोकरी बंदमुळे वा कपातीमुळे गेली, हे मालकाकडून प्रमाणित होऊन यावं लागतं.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस, तीही आयुष्यात एकदाच. आधी दर २५ टक्के होता आणि अर्ज मालकामार्फत जायचा. कोविडच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, दर ५० टक्के झाला, नव्वदऐवजी तीस दिवस बेकार राहिल्यावर दावा करता येऊ लागला आणि अर्ज थेट शाखा कार्यालयात नेण्याची मुभा मिळाली. ती सवलत पुढे वाढत गेली, म्हणून २०२३ मध्येही चालू होती. प्रतिज्ञापत्राची अटही २०२० च्या अखेरीस निघाली. ई-सेवा केंद्रावर आजही कोणी त्या स्टॅम्प पेपरचे पैसे मागतं, ते वेगळं.

रकमेत फार फरक पडतो. अटल योजनेत आधीच्या चार अंशदान कालावधींची (सहा-सहा महिन्यांच्या) एकूण मिळकत ७३० ने भागतात आणि त्याच्या निम्मी रोजची रक्कम धरतात. कामाच्या दिवसांनी नव्हे, दोन वर्षांच्या सगळ्या दिवसांनी भागायचं. यादगिरींची ती मिळकत २,३३,६०० होती, कारण त्यात २०२१ मधल्या निर्बंधांचे पडेल महिनेही आले. रोजचे ३२०, निम्मे १६०, नव्वद दिवसांचे १४,४००. दिवसाला ४०० घेणाऱ्या माणसाला ‘निम्मा पगार’ म्हणजे २०० वाटतात. हा खुलासा आधीच केलेला बरा, नाहीतर पैसे आल्यावर वाटतं की कुणीतरी मधे खाल्ले.

तीच सरासरी ढोबळपणे धरली तर राजीव गांधी योजनेत दोन वर्षांचे मिळून ८७,६०० च्या घरात जातात. सहापट. पण मालकाने बंद कबूल केला तरच. आणि एकाच काळासाठी दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत.

तिसरा पर्याय पीएफचा. एक महिना बेकार राहिल्यावर शिल्लक रकमेतले ७५ टक्के काढता येत, दोन महिन्यांनी उरलेलेही. यात एक खाच होती. यादगिरींची पेन्शन योजनेतली सेवा नऊ वर्षं चार महिने भरत होती. पेन्शनला दहा वर्षं लागतात. सगळंच काढून खातं मोकळं केलं असतं, तर काही महिन्यांसाठी पेन्शनचा हक्क गेला असता.

काय ठरलं

राजीनाम्यावर सही करायची नाही. पीएफमधून ७५ टक्के उचलून घर चालवायचं, पेन्शनच्या भागाला हात लावायचा नाही. ग्रॅच्युइटी आणि भरपाईसाठी सात जणांनी मिळून सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. आणि भत्त्यासाठी अटल योजनेचा दावा, कारण तो मालकाच्या सहीवाचून पुढे जाऊ शकत होता. राजीव गांधी योजनेसाठी मालकाला लेखी विचारायचं, पण त्यावर घर विसंबून ठेवायचं नाही.

कामगार कार्यालयातला अर्ज जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दिला. ‘३० जूनपासून कारखाना बंद असून आम्हाला काम नाही’ असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. आवक शिक्क्याची पोच घेतली. तेव्हा ती निव्वळ शिस्त होती. पुढे सगळं प्रकरण याच शिक्क्याभोवती फिरलं.

दावा का अडकला

ऑगस्टमध्ये ऑनलाइन दावा भरायला बसलो आणि यंत्रणा पुढे जाऊ देईना. नोंदीनुसार यादगिरी अजून नोकरीत होते.

मालक दर महिन्याला ईएसआयचं मासिक विवरण भरतो. एखाद्या कामगाराचे दिवस शून्य असतील तर कारण निवडावं लागतं: रजा, सेवा सोडली, कपात, काम नाही, असे पर्याय असतात. सेवा सोडली किंवा कपात म्हटलं की शेवटच्या दिवसाची तारीख भरावी लागते. सल्लागाराने या सात जणांसाठी जुलैत ‘काम नाही’ निवडलं होतं. कामगार हजेरीपटावर राहतो, फक्त त्याला काम मिळालेलं नसतं. मालकाच्या सोयीचा पर्याय, कारण सेवा संपल्याची तारीखच नसेल तर बंद नाही, कपात नाही आणि भरपाईही नाही.

ज्यांनी राजीनामे दिले होते त्यांची नोंद मात्र ‘सेवा सोडली, ३० जून’ अशी तत्परतेने झाली होती.

मालकाला पत्र गेलं, फोन झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सल्लागाराने ‘तुमचं काम केलं’ म्हणून निरोप पाठवला. त्याने सेवा संपल्याची तारीख भरली होती: ३० सप्टेंबर.

ही तारीख नुसती चुकीची नव्हती, ती दावाच मारणारी होती. अटल योजनेत बेकारीच्या लगेच आधीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं आणि त्याआधीच्या तीनपैकी एकात आणखी ७८. अंशदान कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ठरलेले आहेत. नोकरी ३० जूनला गेली असं धरलं, तर लगेच आधीचा पूर्ण कालावधी ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ येतो. त्यात यादगिरींचे एकशे वीसच्या आसपास दिवस होते. नोकरी ३० सप्टेंबरला गेली असं धरलं, तर आधीचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर २०२३ होतो, आणि त्यात चाळीसही दिवस भरत नव्हते. तीन महिने तारीख पुढे सरकली आणि पात्र माणूस अपात्र झाला. अंशदान कुठलंही बुडालं नव्हतं, कामाचा एक दिवसही कमी झाला नव्हता.

सल्लागाराने हे मुद्दाम केलं का? माझ्या मते नाही. चालू सहामाही संपते तिथली तारीख टाकून तो मोकळा झाला असावा. पण कामगाराचं नुकसान त्याच्या हेतूवर अवलंबून नव्हतं.

दोन लहान अडचणी याच सुमारास निघाल्या. ईएसआयच्या नोंदीत नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर घराण्याचं नाव आधी आणि मग स्वतःचं. तेलुगू घरांत हा घोळ इतका नेहमीचा आहे की आता आम्ही पहिल्याच भेटीत सगळे कागद शेजारी ठेवून पाहतो. दुसरी, बँकेची. खातं मुळात आंध्र बँकेतलं. ती १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत विलीन झाली आणि आयएफएससी कोड बदलला, नोंदीत मात्र जुनाच. दावा मंजूर होऊनही पैसे परत गेले असते. दोन्ही दुरुस्त्या आधार, पासबुक आणि अर्ज देऊन झाल्या.

तारीख कशी दुरुस्त झाली

इथे पुन्हा एक निर्णय होता. मालकाशी भांडून त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यायची, वरच्या पातळीवर तक्रार टाकायची, की शाखा कार्यालयापुढे पुरावा ठेवून पडताळणी मागायची? सात जणांपैकी दोघांचा आग्रह केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर लगेच तक्रार टाकायचा होता. तो पर्याय वाईट नाही. पण अशा तक्रारीचं पहिलं उत्तर बहुधा ‘मालकाने दिलेल्या नोंदीप्रमाणे’ असं येतं आणि मग ते उत्तरच एक नवा अडथळा होऊन बसतं. म्हणून आधी पुरावा, मग गरज पडली तर तक्रार, असा क्रम ठेवला.

अर्ज एका पानाचा लिहिला. भावनिक मजकूर काढून टाकला. वर विमा क्रमांक, मालकाचा कोड, मागणी एकच: सेवा संपल्याची तारीख ३० सप्टेंबरऐवजी ३० जून अशी पडताळून दुरुस्त व्हावी. खाली जोडकागद. बँकेचा उतारा, ज्यात जूनचा पगार जुलैच्या पहिल्या आठवड्यात जमा झालेला आणि त्यानंतर काही नाही. पीएफ खात्यातली सेवा संपल्याची नोंद. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की सभासदाला ती आधारच्या ओटीपीने स्वतः करता येते, आणि यादगिरींनी ती सप्टेंबरमध्येच जूनची केली होती. जुलैच्या आवक शिक्क्याचा कामगार कार्यालयातला अर्ज. आणि शेवटी, त्याच कारखान्याच्या राजीनामा दिलेल्या दोन कामगारांच्या नोंदींची प्रत, त्यांच्या संमतीने.

शाखा कार्यालयातल्या अधिकाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ या शेवटच्या कागदावर घालवला. एकाच शेडमधले माग, काही जणांसाठी ३० जूनला थांबले आणि काहींसाठी ३० सप्टेंबरला? मालकाला खुलासा विचारला गेला. त्याच्याकडे जुलै ते सप्टेंबरचं हजेरीपत्रक नव्हतं, असण्याचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबरमध्ये तारीख दुरुस्त झाली.

मध्ये आणखी एक खोडा निघाला होता. मे आणि जूनचं ईएसआय चलन कारखान्याने भरलंच नव्हतं. ‘चलन नाही तर दावा कसा चालेल’ असं बाहेर कोणी सांगितल्यामुळे यादगिरी खचले होते. पण योजनेत अंशदान भरलेलं ‘किंवा देय’ असलं तरी चालतं. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत चलन भरायची जबाबदारी मालकाची आहे, थकलं तर व्याज तोच देतो, वसुली महामंडळ करतं. पगारातून पैसे कापले गेले होते, हे बँक उतारा आणि पगाराच्या चिठ्ठ्यांवरून दिसत होतं, तेवढं पुरलं.

निकाल

डिसेंबरमध्ये १४,४०० रुपये एकरकमी खात्यावर आले. दावा नीट असेल तर तो पंधरा दिवसांत निकाली निघावा अशी अपेक्षा असते. इथे नोंद सरळ करण्यातच उन्हाळ्यानंतरचं अर्धं वर्ष गेलं, दुरुस्त नोंदीवरचा दावा मात्र लवकर सुटला.

मधल्या काळात घर पीएफच्या पैशांवर आणि बायकोच्या बिड्यांवर चाललं. रोजच्या हजार बिड्यांसाठी मुलीही हात लावू लागल्या होत्या. बायकोची साखरेची औषधं ईएसआय दवाखान्यातून बंद झाली नाहीत, कारण ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबरचा लाभ मिळतो. ‘नोकरी गेली, कार्ड बंद’ असं समजून जुलैपासून बाहेरून औषधं घेणारे याच कारखान्यातले दोघे नंतर भेटले.

ग्रॅच्युइटी आणि भरपाईचा विषय कामगार कार्यालयात तडजोडीने मिटला: ७८,००० रुपये, दोन हप्त्यांत. कायद्याप्रमाणे होणाऱ्या रकमेपेक्षा कमी, राजीनाम्याच्या कागदावरच्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. यादगिरींनी ती स्वीकारली. कामगार न्यायालयात गेले असते तर आणखी मिळालं असतं, पण किती वर्षांनी, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि आमच्याकडेही नाही.

राजीव गांधी योजनेचा दावा दाखलच झाला नाही. मालकाने बंद लेखी कबूल केला तो तडजोडीच्या वेळी, आणि तोवर, जानेवारी २०२४ मध्ये, यादगिरी दुसऱ्या एका टॉवेल कारखान्यात लागले होते. तिथेही पीएफ आहे, त्यामुळे पेन्शनच्या सेवेतले राहिलेले महिनेही भरून निघाले. पण मोठी रक्कम देणारी योजना हातची गेली, हे या प्रकरणातलं खरं नुकसान आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी जूनमध्ये होती, जुलैत नाही. काम बारा दिवसांवर आलं तेव्हाच बहुतेकांना शेवट दिसत होता. त्याच वेळी हजेरीकार्डाचे फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या आणि ईएसआयच्या पोर्टलवरचा अंशदानाचा तपशील काढून ठेवला असता, तर नोव्हेंबरमधली पडताळणी सप्टेंबरमध्ये उरकली असती. अंशदानाचा तपशील कामगाराला आपल्या विमा क्रमांकावरून स्वतः पाहता येतो, मेचं चलन थकल्याचं जूनमध्येच दिसलं असतं.

दुसरं, मालकाला पाठवलेलं पहिलं पत्र फार मोघम होतं. ‘आमची नोंद दुरुस्त करावी’ असं म्हटलं होतं. शेवटचा दिवस ३० जून, कारण कपात किंवा बंद, असं दोन शब्दांत सांगितलं असतं तर सल्लागाराने आपल्या मनाने तारीख टाकायला जागा उरली नसती. आता अशी पत्रं आम्ही तारीख ठळक करून, रजिस्टर्ड एडीने पाठवायला सांगतो.

तिसऱ्या मुद्द्यावर आमच्यातच एकमत नाही. बंदचा कबुलीजबाब मालकाकडून आधी मिळवण्यावर जोर देऊन अटल योजनेचा दावा मागे ठेवायला हवा होता, असं काहींचं म्हणणं. पैशांच्या हिशेबात ते बरोबर आहे. माझं मत उलट आहे. सात घरांपैकी एकाही घराकडे पाच महिने थांबण्याइतकी शिल्लक नव्हती, आणि थांबणाऱ्याला मालक शेवटी त्याच ४०,००० च्या कागदावर आणून सोडतो. कारखाना मोठा असता, युनियन असती, बंदची नोटीस लागलेली असती, तर मी राजीव गांधी योजनेलाच आधी हात घाला असं म्हटलं असतं.

राजीनामा दिलेल्यांपैकी काही जण नंतर विचारायला आले. त्यांची तारीख स्वच्छ, दिवस भरलेले. अटल योजनेतून गैरवर्तनाची शिक्षा, वयोमानानुसार निवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती वगळलेली आहे, आणि त्यांच्या कागदावर तर ‘स्वखुशीने’ लिहिलेलं. तिघांनी तरीही दावे भरले, सोबत त्या टाइप केलेल्या कागदाच्या प्रती जोडल्या: वेगवेगळ्या माणसांचे राजीनामे, शब्द न् शब्द सारखे, तारीख एकच, घरगुती कारणही सगळ्यांचं एकच. हे लिहीपर्यंत त्यातला एक मंजूर झाला आहे आणि दोन पडताळणीत आहेत.